भरतीची चाल

पुणे, ९ जानेवारी २०२६

मैनामावशी,

तुझ्या पाया पडते आणि मग लगेच भांडते. फोन केला की तू दोन मिनिटांत ठेवतेस. व्हिडिओवर तर येतच नाहीस. वर निरोप पाठवतेस, "पत्र लिही, फुरसतीत वाचेन." ऐन हंगामात तुला फुरसत? हर्णेच्या बंदरावर रोज लिलाव चालू असताना? आई डिसेंबरात पंधरा दिवस तुझ्याकडे राहून आली. तिला तुझी खुशाली विचारली तर मासळीचे भाव सांगत बसते.

असो. पत्र हवं ना, घे.

मी ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही 'दशवीर' नावाचा खेळ बनवतोय. संगणकावर खेळायचा. पाच जणांच्या दोन टोळ्या बंदुका घेऊन एकमेकांवर तुटून पडतात. खेळणारा दहा वीरांपैकी एक निवडतो, आणि प्रत्येक वीराची कला वेगळी. अशा खेळाला हिरो शूटर म्हणतात. हे वीर चालतात कसे, पळतात कसे, वळतात कसे, ते बनवायचं काम ॲनिमेटरचं, म्हणजे माझं.

माझ्याकडे जी आहे तिचं नाव भरती. कासोटा घातलेली बाई, हातात जाळं फेकणारी बंदूक. दहांमध्ये सगळ्यात वेगवान. बाकीचे एका सेकंदात साडेपाच मीटर जातात, ती सहा. मागच्या आठवड्यात चाळीस जणांना खेळायला बसवलं आणि मत विचारलं. एकतीस जणांनी लिहिलं, "भरती मंद वाटते."

आमचे प्रमुख ओमकारसर म्हणाले, "ऋतिका, आकडा काय सांगतो ते खेळणाऱ्याला दिसत नाही. त्याला हळू वाटली तर ती हळू." मार्चमधल्या चाचणीतही असंच झालं तर भरतीला खेळातून काढणार.

तिच्या पळण्याचा व्हिडिओ तुझ्या शेजारच्या दर्शनाच्या फोनवर पाठवला आहे. बघ आणि खरं सांग. तुझ्याइतकी पळणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

तुझी,
ऋतिका


हर्णे, १७ जानेवारी

चि. ऋतिका,

तुझं पत्र पोचलं. वाचता वाचता डोकं असं तापलं की कागद घेऊन थेट तुझ्या ओमकारसरांनाच लिहायला बसले. "आमच्या पोरीला मंद म्हणणारे तुम्ही कोण? चौथीत असल्यापासून ती बंदरावर माझ्या मागे धावली आहे." अर्धं पान झालं तेव्हा दर्शना आली. तिने तुझं पत्र मोठ्याने वाचलं आणि हसत सुटली. म्हणाली, "मावशी, ऋतिकाताई हळू नाही गो, तिच्या संगणकातली बाई हळू आहे." आता सांग, एकाच पानावर दोन दोन बाया घातल्यास तर मला कसं कळायचं? तरी ते अर्धं पान सोबत पाठवते. कधी लागलं तर त्यांना दे.

तुझी भरती बघितली. दर्शनाला चार वेळा लावायला सांगितली. नाव भरतीचं आणि चाल ओहोटीची, असं आहे बघ.

दर्शना म्हणाली, बटण दाबलं की ती पळते. पण पळते कुठे? आधी गुडघ्यात वाकते. मग खांदे मागे घेते. मग दम घेते. मग निघते. तेवढ्या वेळात आमच्या सोनूबाईने होडीवरून टोपली उचलून लिलावात मांडलीसुद्धा असती. अगो, होडी किनाऱ्याला लागल्यावर पदर खोचणारी बाई मासळीच्या धंद्यात टिकेल का? पदर घरातून निघतानाच खोचायचा. होडीची वाट बघत उभं राहायचं ते टाच उचलून. बघणाऱ्याला वाटतं बाई नुसती उभी आहे. पण ती उभी नसते, ती निघालेली असते. फक्त पाय अजून जागेवर असतात.

पळणं चांगलं आहे तिचं. तयारीच फार करते.

आणि फुरसतीचं म्हणशील तर आता एकसष्ट वर्षं झाली मला. थोडं दर्शनाला करू देते. त्यात विचारण्यासारखं काय आहे?

सुकी कोळंबी पाठवली आहे. ऑफिसात डबा उघडू नको.

मैनामावशी


पुणे, २६ जानेवारी

मावशी,

डबा ऑफिसात उघडला. अर्धा मजला पळाला आणि उरलेला अर्धा जेवायला आला.

ते अर्धं पान मी ओमकारसरांना दिलं. त्यांनी ते स्वतःच्या टेबलासमोर चिकटवलं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आता कामाचं. तू एका पत्रात जे सांगितलंस ते समजायला मला तीन महिने लागले असते. आम्हाला शिकवतात की कुठलीही हालचाल दाखवण्याआधी तिची तयारी दाखवा. उडी मारायची तर आधी वाका, मारायचं तर हात मागे न्या. पडद्यावर नुसतं बघायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण खेळात बोट बटणावर असतं, आणि बोटाला थांबायला आवडत नाही. मी भरतीच्या तयारीला सेकंदाचा पाचवा भाग दिला होता. वाचायला एवढासा वाटतो, पण बोटाला तो चिखलात रुतल्यासारखा लागतो.

मी तयारी पूर्ण काढून टाकली. त्याऐवजी तिचं उभं राहणं बदललं. आता ती टाच उचलून, एक खांदा पुढे टाकून उभी असते, पदर आधीच खोचलेला. बटण दाबलं की पहिल्याच क्षणी पाय पुढे पडतो. पुन्हा चाळीस जणांना बसवलं. मंद म्हणणारे एकतीसचे एकोणीस झाले!

पण एकोणीस अजून आहेतच. खरी अडचण आता कळली आहे. जो भरती घेऊन खेळतो त्याला भरती दिसतच नाही. तो तिच्या डोळ्यांनी बघतो; तसा नवा व्हिडिओ दर्शनाच्या फोनवर पाठवला आहे. समोर फक्त दोन हात, बंदूक आणि पुढची वाट. पाय नाहीत, पदर नाही, चेहरा नाही. मी एवढं छान पळणं बनवलं ते फक्त तिच्या शत्रूला दिसतं.

म्हणून तुला विचारते. होडीपासून लिलावापर्यंत टोपली घेऊन पळताना तुला स्वतःला काय दिसायचं? काय ऐकू यायचं? आणि एकदा मला पळून दाखव ना. दर्शनाला फोनवर व्हिडिओ काढायला सांग. बाजूने एक, समोरून एक.

ऋतिका


हर्णे, ४ फेब्रुवारी

चि. ऋतिका,

असलं कोणी कधी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं पळाले, पण पळताना काय दिसतं याचा विचार केला नाही. चार दिवस दारात बसून तेच आठवत होते. दर्शना म्हणाली, "मावशी, जेव तरी."

तर ऐक. पाय मला कधीच दिसले नाहीत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि मान ताठ. मान हलली की टोपली गेली. त्यामुळे समोरचं सगळं स्थिर दिसायचं. तुझ्या नव्या व्हिडिओत समुद्र वरखाली उड्या मारतो तसं अजिबात नाही. तो बघून मला बोटीत बसल्यासारखं मळमळलं. अंगाचं काय व्हायचं ते मानेखाली. डोळे आपले लिलावाच्या गर्दीवर.

उजवा हात वर, टोपलीच्या काठाला. त्याचं कोपर डोळ्याच्या कडेला दिसत राहायचं. डावा हात मोकळा, तो मात्र जोरात हलायचा.

टोपलीतून पाणी गळतं. हळू चालत असले तर थेंब सरळ भुवईवर पडायचा. पळायला लागले की तोच थेंब मागे जाऊन कानशिलावर पडायचा. त्यावरून मला कळायचं, आता वेग आला.

आणि बांगड्या. चालताना एकेक वाजतात, सुट्या सुट्या. पळताना सगळ्यांचा मिळून एकच आवाज होतो. तो आवाज ऐकून पुढची माणसं बाजूला व्हायची, मागे वळून न बघता. माणसं फाकत गेली की वाट आपल्याकडे धावत येते असं वाटायचं. खरं सांगू का, सोनूबाई माझ्यापेक्षा पुढे असायची कितीतरी वेळा. पण तिच्या हातात बांगड्या नसायच्या, म्हणून तिला कोणी वेगवान म्हणायचं नाही. अजून चिडते त्यावर.

व्हिडिओ पाठवला आहे. दर्शना पळाली, फोन तिच्या मुलीने, सानवीने धरला. मी कामात होते. आणि माझी टाच थोडी दुखते. दर्शनाला बघितलंस की पुरे, तिला मीच शिकवलं आहे.

मैनामावशी


पुणे, १३ फेब्रुवारी

मावशी,

दर्शनाचं पळणं बघितलं. छान आहे. मी वीस वेळा बघितलं. एकविसाव्या वेळी पाठीमागे बघितलं.

मागे तुझी पडवी आहे. तू लाल खुर्चीत बसली आहेस. खुर्चीजवळ काहीतरी उभं आहे, त्यावर तू टॉवेल वाळत घातला आहेस. पण टॉवेलाखालून चार रबरी पाय दिसतात. मावशी, मी दिवसभर पायच बघते. ते कशाचे पाय आहेत हे मला कळणार नाही असं वाटलं तुला?

आईला फोन केला. आधी मासळीचे भाव सांगितले, मग रडली, मग सगळं सांगितलं. दोन्ही गुडघे बदलले. डिसेंबरात. रत्नागिरीला. आणि मी इथे बसून तुला लिहिते, "एकदा पळून दाखव ना." ती ओळ आठवली की मला स्वतःची लाज वाटते.

चौथीपासून दहावीपर्यंत तुझ्या घरात वाढले. आईबाबा मुंबईत होते तेव्हा माझ्या प्रत्येक तापाला तू उशाशी होतीस. आणि तुझ्या ऑपरेशनला मी नाही?

तू लपवलंस, आता मी लपवलेलं सांगते. भरती म्हणजे तूच आहेस. कंपनीने फक्त "एक वेगवान बाई" एवढं सांगितलं होतं. कासोटा, खांदा, मान, सगळं तुझं मी घातलं. तुला न विचारता. एकतीस जणांनी तिला मंद म्हटलं तेव्हा म्हणूनच एवढं लागलं. दुसरं, माझी नोकरी ३१ मार्चपर्यंतच आहे. भरती राहिली तर पुढे ठेवतील, नाही तर नाही.

ते आता जाऊ दे. मी पुढच्या शनिवारच्या गाडीने येते.

ऋतिका


हर्णे, १७ फेब्रुवारी

चि. ऋतिका,

दर्शनाने फोनवर सांगितलंच असेल, शनिवारी येऊ नकोस. तरी लिहून पाठवते म्हणजे तुझ्याजवळ राहील.

लपवलं, कारण तुला ओळखते. तू आली असतीस आणि इथेच राहिली असतीस. गुडघे माझे, त्यात तुझं काम का मोडू? आणि खरं कारण आणखी एक आहे. ते लिहायला जड जातं. तू मला पळतानाच बघितलं आहेस. चार पायांची काठी सरकवत परसात जाताना तू मला बघावंस हे नको होतं. एवढंच होतं, बाकी काही नाही.

आता बरी आहे. संस्कृती मॅडम म्हणून एक पोरगी दापोलीहून व्यायाम घ्यायला येते. तुझ्याहून लहान आहे, पण दरडावते चांगली. पहिल्या दिवशी बारा पावलं चालवली. आता वेशीपर्यंत जाते, काठी एका हातात.

भरती मी आहे हे मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. कंबर ओळखीची वाटली. पण स्वतः होऊन कसं म्हणायचं, की ही मीच? उगीच मिरवल्यासारखं व्हायचं. मला विचारलं नाहीस म्हणून रागवायचं होतं, पण राग येईना. रात्रभर हसू येत होतं. सोनूबाईला सांगितलं तर म्हणते, "मग मला का नाही घातलं?" तिचं बघ काहीतरी.

एक गोष्ट तुझ्या कामाची. संस्कृती मॅडम मला चालण्यापेक्षा थांबायला जास्त शिकवते. मी म्हटलं, "थांबण्यात शिकायचं काय?" तर म्हणाली, "आजी, जोरात आलेलं अंग एकदम थांबत नाही. पाय थांबतात, बाकीचं पुढे जातं. तेच सांभाळायचं." आणि मला लख्ख आठवलं. लिलावात पोचून मी थांबले की टोपलीतलं पाणी सपकन पुढच्या माणसाच्या अंगावर जायचं. बांगड्या मनगटावर आपटायच्या. खोचलेल्या पदराचं सुटं टोक मागून येऊन पुढे पडायचं. मी किती जोरात आले ते लोकांना मी थांबल्यावर कळायचं. तुझी भरती थांबते ती खांबासारखी. आली कुठून, कशी, काही पत्ताच लागत नाही.

निघताना वेळ लावू नकोस, पण थांबल्यावर लागू दे. तेव्हा कुणाचं बोट कशाला चिडेल?

आधी माझ्या भरतीला नीट पळव. मग ये. तोवर मीही तयार होते.

मैनामावशी


पुणे, १८ मार्च

मावशी,

उद्या पाडवा. गुढी उभारायच्या आधी तुला हे लिहिते.

काल चाचणी झाली. त्याआधीचे चार आठवडे मी तुझी दोन पत्रं टेबलावर ठेवून काम केलं. समुद्राच्या उड्या बंद केल्या, नजर स्थिर ठेवली. उजव्या कडेला कोपर आणलं. डावा हात जोरात हलवला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवला. ती चालते तेव्हा तो सरळ खाली ओघळतो, पळते तेव्हा बाजूला खेचला जातो. बांगड्यांसाठी मी आणि आवाजवाला केतन बोहरी आळीतून चार डझन काचेच्या बांगड्या घेऊन आलो आणि त्या घालून गच्चीवर पळालो. दोघंही. केतनला जास्त शोभल्या.

आणि थांबणं. पाय थांबतात, मग बांगड्या, मग पदराचं टोक, मग बंदुकीला लटकलेलं जाळं पुढे झुलून मागे येतं. त्या वेळात बटण दाबलं तर ती लगेच पुन्हा पळू शकते, त्यामुळे कोणाचं बोट अडत नाही.

चाळीस जण खेळले. मंद म्हणणारे दोन. आणि आता खुर्ची घट्ट धर. तेवीस जणांनी तक्रार केली की भरती फार वेगवान आहे, हा अन्याय आहे, तिचा वेग कमी करा!

ओमकारसर माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "आकडा वाढवलास ना? खरं सांग." मी म्हटलं, "नाही सर." त्यांना पटेना. सगळ्यांसमोर फाइल उघडली. सहा. पहिल्या दिवशी होते तेच सहा. सरांनी फाइल बंद केली. मग म्हणाले, "या मावशींना एकदा भेटायला हवं."

भरती खेळात राहिली. आणि मला दोन वर्षांसाठी ठेवलं आहे. आईला सांगितलं तर तिने आनंदाने भाव सांगायला सुरुवात केली.

१० एप्रिलपासून खेळ सगळ्यांना खेळून बघायला खुला होतोय. त्या गडबडीत मला मेपर्यंत सुट्टी नाही. पण दर्शनाचा भाऊ रूपेश दापोलीला संगणकाचं दुकान चालवतो ना? त्याला सांगून ठेवलं आहे. गुडघे हो म्हणाले तर जा.

तुझी,
ऋतिका


हर्णे, २१ एप्रिल

चि. ऋतिका,

गुडघे हो म्हणाले. रविवारी रिक्षा केली आणि आम्ही तिघी दापोलीला गेलो. मी, दर्शना आणि सोनूबाई. सोनूबाईला नको म्हटलं होतं, पण ती आधीच रिक्षात बसून होती.

रूपेशच्या दुकानात सगळी कॉलेजची पोरं. कानाला डबे लावलेले. तीन बायका आत शिरल्या तशा सगळ्यांनी माना वळवल्या. रूपेशने मला मधली खुर्ची दिली, माझ्याही कानाला ते डबे लावले आणि सांगितलं, "मावशी, डाव्या हाताने पळायचं, उजव्या हाताने बघायचं आणि इथे दाबलं की गोळी."

मी म्हटलं, "गोळी राहू दे. नुसतं पळता येतं का?"

तो म्हणाला, "येतं, पण समोरचे मारतील."

"मारू देत."

सुरुवातीला भिंतीवर आपटले. मग वर आकाशच बघत राहिले. सोनूबाई मागून म्हणते, "मैना, मान खाली कर गो, घारी मोजतेस काय?" मग जमलं. बोट दाबलं आणि मी निघाले.

ऋतिका, काय सांगू तुला. समोर तुमच्या खेळातला तो किनारा, कडेला कोपर, कानात बांगड्या. आधी सुट्या वाजल्या आणि मग सगळ्यांचा एकच आवाज झाला. खुर्चीत बसून माझे पाय खाली हलत होते, मला कळलंही नाही. दर्शनाने सांगितलं नंतर. सहा वर्षं झाली गो मला पळून, तुला कळू दिलं नाही. गुडघे बिघडले तेव्हापासून मी स्वप्नातसुद्धा चालतच होते.

लगेच कोणीतरी गोळी घालून मारलं. पुन्हा उठवलं, पुन्हा पळाले, पुन्हा मारलं. माझ्या टोळीतली पोरं कुठून कुठून ओरडत होती, "भरती, मार ना, भरती, जाळं टाक!" मी कसलं जाळं टाकते. मी देवळाच्या मागून पळाले, होड्यांच्या मधून पळाले, त्या लांब धक्क्यावरून पळाले. दुकानातली पोरं आपापले खेळ सोडून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. एक जण म्हणाला, "आजी लढत का नाहीत?" त्याला रूपेशने गप्प केलं.

सोनूबाईचे डोळे भरले होते. विचारलं तर म्हणते, पंख्याची धूळ गेली.

चौथ्यांदा मेले तेव्हा दर्शना म्हणाली, "मावशी, आता पुरे. रिक्षावाला थांबला आहे."

मी म्हटलं, "थांबू दे. त्या टेकडीपलीकडे काय आहे ते अजून बघायचं राहिलं आहे."

मैनामावशी